बाभळीचा करंडा

"फोडा मेला तो करंडा! कोयता आणा कुणीतरी!"

ठकूआत्या भर मांडवात असं ओरडल्या तेव्हा मी पाटावर बसले होते. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, शालूची जर मानेला टोचत होती. मंगलाष्टकं झाली होती, अक्षता पडल्या होत्या, हार घालून झाले होते. मंगळसूत्र तेवढं गळ्यात यायचं राहिलं होतं. ते होतं माझ्या सासूबाईंच्या हातातल्या लाकडी करंड्यात, आणि करंड्याचं झाकण काही केल्या निघत नव्हतं.

आधी सासूबाईंनी ओढून पाहिलं. मग हेरंबने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पिळून पाहिलं. मग त्याचा एक तालमीत जाणारा मित्र बाह्या सरसावून पुढे आला. त्याचं तोंड लालबुंद झालं, मानेच्या शिरा टरारून फुगल्या, आणि करंडा होता तसाच राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, उलटा फिरव." तो उलटा फिरवायला गेला तर करंडा हातातून निसटून होमाच्या कडेला जाऊन पडला. बायका हसायला लागल्या.

गुरुजींचा जीव वेगळ्याच कारणाने वरखाली होत होता. "मला दिघीची लाँच गाठायची आहे हो," ते म्हणाले. "पलीकडे मुरूडला दुसरं लग्न लावायचंय. तिथली मंडळी वाट बघत असतील."

"पण हा करंडा आणला कुठून?" ठकूआत्यांनी विचारलं. त्या हेरंबच्या थोरल्या आत्या, म्हसळ्याच्या. माझे सासरे हेरंबच्या लहानपणीच गेले, तेव्हापासून त्या घरात शब्द चालायचा तो आत्यांचा. करंडा कुठून आला हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी विचारलं.

"मी केलाय," मी पाटावरूनच म्हणाले.

नवरीने मांडवात बोलायचं नसतं म्हणे. पण मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. "आमच्या बार्शीला व्यवस्थित उघडत होता. इथली हवा दमट आहे, त्याने लाकूड फुगलंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आत्या म्हणाल्या. आणि मग ते कोयत्याचं वाक्य.

माझं डोकंच फिरलं. रडू येत होतं आणि रागही येत होता. "फोडा," मी म्हणाले. "माझ्याच हातचा आहे, माझी काही हरकत नाही."

कुणीतरी खरंच नारळ सोलायचा कोयता घेऊन आलं. सासूबाईंनी त्या कोयत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि करंडा सरळ पदराखाली घेतला.

"लग्नाच्या दिवशी मांडवात करंडा फोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "अपशकुन असतो तो. गुरुजी, हळकुंड चालतं ना?"

"चालतं म्हणजे काय, उत्तम चालतं!" गुरुजींना लाँच दिसायला लागली. "सौभाग्याचंच आहे ते. ओवा दोऱ्यात."

तर अशी मी, बार्शीची सुचेता, गळ्यात हळदीच्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड घालून श्रीवर्धनच्या दिवेकरांची सून झाले. आज या गोष्टीला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. आमच्याकडच्या लग्नात अजून कुणीतरी म्हातारी विचारते, "मंगळसूत्र कशात ठेवलंय गं? डबा उघडतोय ना?"

आता मुळात नवरी मुलगी करंडे कशी काय करायला लागली, ते सांगते. माझे वडील, दादा, बार्शीच्या एका सूतगिरणीत फिटर होते. हात शिवशिवणारा माणूस. एकदा त्यांनी बाद झालेल्या पाण्याच्या पंपाची मोटर घरी आणली आणि गिरणीच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत तिचा छोटा लेथ केला. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशी टेकवून त्याला गोल आकार द्यायचा. कातकाम. दादांनी दोन लाटणी केली आणि त्यांचा उत्साह संपला. माझा मात्र सुरू झाला. कॉलेजातून आलं की पुस्तकं टाकून मी पडवीत. लाटणी, रव्या, भोवरे, पळीची मूठ, कुंकवाचे करंडे. चिंचेचं, बोरीचं, बाभळीचं, जे मिळेल ते लाकूड. पटाशी नीट लागली की कीस लांबच लांब, कुरळा निघतो आणि मनगटावरून ओघळत जातो. ते सुख ज्याला कळलं त्याला कळलं. आई म्हणायची, "इतर पोरींच्या केसांत गजरा असतो, हिच्या केसांत भुसा."

हेरंब टेलिफोन खात्यात. श्रीवर्धनला बदली व्हायच्या आधी दोन वर्षं बार्शीला होता, आमच्या समोरच्याच घरात भाड्याने राहायचा. आधी पुतण्यासाठी म्हणून एक भोवरा मागायला आला. मग दुसरा. मग मला कळलं की याला पुतण्याच नाही. असो.

दोन्ही घरं राजी झाली. बैठकीला श्रीवर्धनहून मंडळी आली, आमच्या ओसरीत सतरंजीवर भरली बैठक. सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात मागच्या पडवीत जाऊन आलेल्या ठकूआत्या सासूबाईंच्या कानाशी लागल्या, आणि सासूबाईंनी घसा साफ केला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," त्या म्हणाल्या. "पण ते यंत्र आमच्या घरात येणार नाही. दिवेकरांची सून लाकडं कातणार नाही. हे आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलेलं बरं."

मी आतून उठून बाहेर यायला निघाले तर आईने माझा पदर धरला. मी हेरंबकडे पाहिलं. हेरंब म्हणाला, "बघू नंतर." त्याचं हे आयुष्यभराचं वाक्य आहे. घराला आग लागली तरी तो म्हणेल, बघू नंतर.

लग्न मोडण्याइतकी मी वेडी नव्हते, आणि लेथ सोडून सुखाने राहण्याइतकी शहाणीही नव्हते. त्या रागात मी बाभळीचा एक चांगला ओंडका काढला आणि सासूबाईंसाठी करंडा कातला. म्हटलं, घ्या, बघा, काय नको म्हणताय ते. बाभूळ म्हणजे दगड. पण एकदा कातली की तांबूस, जड, हाताला मऊ. झाकण बसवण्यात मी जीव ओतला. झाकणाला धरून उचललं तर खालचा भाग पडता कामा नये, आणि ओढलं तर 'टप्' वाजलं पाहिजे, अशी दादांची परीक्षा. माझा करंडा त्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास. पण मी तो कातला चैत्रातल्या बार्शीत, जिथे धुणं वाळत घालेपर्यंत वाळतं. तो गेला समुद्राकाठी, जिथे मीठ बरणीतल्या बरणीत पाझरतं. ही गोष्ट ना माझ्या डोक्यात आली, ना दादांच्या. साखरपुड्याला आम्ही तो दिला. सासूबाईंनी लग्नाच्या आदल्या दिवशी त्यात मंगळसूत्र घातलं आणि फुगलेलं झाकण हाताच्या तळव्याने दाबून बसवलं. पुढचं सांगितलंच.

श्रीवर्धनचं घर नारळीपोफळीच्या वाडीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बायका नवी नवरी बघायला यायच्या, आणि त्यांची नजर पहिली जायची माझ्या गळ्याकडे.

"हे काय हो, वहिनी? सुनेच्या गळ्यात हळकुंड?"

"हळकुंडच खरं," सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणायच्या. "सोनं काय, आज आहे उद्या नाही."

बायका गेल्या की मात्र त्या सुस्कारा टाकायच्या. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "सुचेता, हा उघडायचा कसा, ते सांग. तूच केलायस."

"दोन उपाय आहेत, आई. एक, वाळवायचा. लाकडातली ओल गेली की आपोआप सुटेल. आणि दुसरा, लेथवर चढवायचा. झाकणाची कड केसभर तासली की निघालं."

"म्हणजे यंत्र लागणार."

"लागणार."

"मग वाळवू," त्या म्हणाल्या.

न्हाणीघराच्या चुलीवर एक फळी होती. पाणी तापवायला झावळ्या जळायच्या, फळी दिवसभर कोमट असायची. तिथे सासूबाईंनी करंडा ठेवला. आणि मला सांगितलं, "तू हात लावू नकोस हं. मी सोवळ्यात ठेवलाय. रोज पूजेआधी मीच बघत जाईन."

त्यांचं सोवळं कडक. आंघोळ केल्यावर पूजा होईपर्यंत कुणाला शिवायच्या नाहीत, आणि सोवळ्यातल्या वस्तूला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी मुकाट्याने मान डोलावली.

मला त्या घरात जाच असा काही नव्हता. खरं सांगायचं तर सासूबाई चांगल्या होत्या. मोदकाला मुखऱ्या कशा घालायच्या ते शिकवलं, भरती-ओहोटीच्या वेळा शिकवल्या. पण माझे हात रिकामे. आणि त्या वाडीत लाकूड किती म्हणून सांगू! फणसाची फांदी पडलेली, आंब्याची पडलेली, कोकमाची. मी जाता-येता चांगला तुकडा दिसला की उचलायची, हुंगायची, आणि गपचूप आणून पलंगाखाली सारायची. लेथ नाही, काही नाही, तरी साठवत होते. माणूस भुकेला असला की नुसता स्वयंपाकाचा वास घेत बसतो, तसं.

एक दिवस सासूबाई केर काढत होत्या, आणि त्यांची केरसुणी अडली.

"हे काय गं पलंगाखाली? ओंडके?"

मी शरमले. "फणसाचा आहे तो, आई. आतून पिवळाधमक निघतो."

"मग?"

"मग काही नाही."

"फोडून चुलीत घालू?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. सासूबाई तशाच वाकलेल्या, केरसुणी हातात. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक ओंडका पुसला आणि होता तिथे परत ठेवला. मी मात्र माडीवर जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

ज्येष्ठ गेला, आषाढ लागला. मी रोज विचारायची, "सुटला का हो, आई?" आणि त्या पळीपंचपात्र घासता घासता म्हणायच्या, "नाही हो सुटला. तुझी बाभूळ भलतीच हट्टी."

मला नवल वाटायला लागलं. बाहेर कितीही ओल असो, चुलीवरच्या फळीवर महिनाभर ठेवलेलं लाकूड सुटायलाच हवं. बाभूळ हट्टी खरी, पण इतकी?

अशात दादांचा फोन आला. गिरणी बंद पडायच्या बेतात होती, क्वार्टर खाली करायला सांगितलं होतं. दादा-आई सोलापूरला माझ्या भावाकडे जाणार होते, दोन खोल्यांत.

"सुचे, लेथचं काय करू?" दादांनी विचारलं. "सोलापुरात ठेवायला जागा नाही. इथला एक फर्निचरवाला मागतोय. देऊन टाकू का?"

"कधीपर्यंत सांगू?"

"श्रावणात निघतोय आम्ही. त्याच्या आत सांग."

फोन ठेवला. रात्री जेवायला बसलो. मी हेरंबला म्हणाले, "आज जर तू 'बघू नंतर' म्हणालास ना, तर मी हे ताट उचलून—"

"बघ—" तो म्हणाला आणि थांबला. मग आईकडे वळून, जमिनीकडे बघत, चाचरत म्हणाला, "आई, तो लेथ… ते लोक घर सोडतायत. दुसऱ्याला देणारेत."

"देऊ देत," सासूबाई म्हणाल्या आणि आमटी वाढली. "भरल्या बैठकीत बोलले होते मी. सगळ्यांसमोर."

झालं. मी उठून हात धुतला. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की रोजचं 'सुटला का' हेसुद्धा विचारायचं मी सोडून दिलं.

श्रावण तोंडावर आला तशा ठकूआत्या म्हसळ्याहून राहायला आल्या. माझी पहिली मंगळागौर व्हायची होती. फराळाला काय, खेळायला कोण, आळीतल्या कुणाकुणाला बोलवायचं, हे ठरवायला सगळे माजघरात बसलो होतो.

"आणि हिच्या गळ्याचं काय?" आत्यांनी विचारलं. "सगळ्या बायकांसमोर हळकुंड घालून बसणार का सून? सरू, लोक शेण घालतील तोंडात."

"मीही तेच म्हणते, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "करंडा काही सुटत नाही. मी रोज बघते."

"मग फोडा! लग्नातच म्हटलं होतं मी."

"लग्नात फोडला नाही तो आता सवाष्णीच्या पहिल्या मंगळागौरीला फोडायचा? छे हो." सासूबाईंनी निरांजनाची वात सारखी केली. "एकच उपाय आहे असं ही सांगते. ते यंत्र आणायला लागेल."

माझा हात वातीच्या कापसावरच थांबला.

"यंत्र?" आत्या म्हणाल्या. "अगं, तूच म्हणाली होतीस ना, घरात येणार नाही?"

"म्हणाले होते. पण सोनं अडकलंय ना, वन्सं. करंडा उघडण्यापुरतं येईल. ओसरीतसुद्धा नको, मागे सुपाऱ्या सोलायच्या पडवीत ठेवू."

आत्यांनी बराच विचार केला. पण सोन्यापुढे कुणाचं काही चालत नाही. "उघडण्यापुरतं हं," त्या म्हणाल्या. "करंडा उघडला की यंत्र परत."

मी उठले ती थेट फोनकडे धावले. दादांना म्हटलं, "देऊ नका कुणाला! घेऊन या. लगेच!" करंडा उघडण्यापुरतं का होईना, एकदा हात लागणार होता. पुढचं पुढे.

दादा टेम्पोतून लेथ घेऊन आले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वरून दोरी, अगदी नवरदेवासारखा. पडवीत सुपारीच्या ढिगाशेजारी तो मांडला. तेलपाणी झालं, पट्टा चढवला, मोटर एकदा घुरघुरून सुरू झाली. तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मंगळागौरीच्या आदल्या दिवशी, सकाळची पूजा आटोपल्यावर सगळे पडवीत जमले. आत्यांसाठी पाट मांडला. त्या अगदी पुढे बसल्या, न्यायाधीशासारख्या. दादांनी खालचा भाग पकडायला लाकडाची एक खोबणी करून आणली होती. मी आंघोळ करून, पदर खोचून उभी राहिले.

सासूबाई न्हाणीघरातून करंडा घेऊन आल्या.

"आण बघू इकडे," आत्यांनी हात पुढे केला. "एकदा मी ओढून बघते. मेलं उगीच एवढं यंत्र—"

"वन्सं, सोवळ्यातला आहे!" सासूबाई एवढ्या झटक्यात मागे सरल्या की आत्यांचा हात हवेतच राहिला. "तुमची आंघोळ झाली, पण मघाशी मोलकरणीला शिवलात तुम्ही. मी पाहिलं."

आत्यांनी हात आवरला. सासूबाईंनी करंडा माझ्या हातात दिला.

माझा अंगठा झाकणावर पडला, आणि झाकण फिरलं.

अगदी अलगद. लोण्यातून सुरी जावी तसं. मी चमकून वर पाहिलं. सासूबाई छपराच्या वाशांकडे बघत होत्या. कौलांत कुठे गळतंय का ते बघत असाव्यात, असं तोंड.

"घट्ट आहे ना गं?" त्यांनी वर बघतच विचारलं.

"घट्ट आहे, आई," मी म्हणाले. "हूं की चूं करत नाही."

"मग चालव तुझं यंत्र."

आता पंचाईत अशी, की सुटलेलं झाकण लेथवर फिरवलं तर ते उडून थेट ठकूआत्यांच्या कपाळावर बसणार. मी करंडा खोबणीत बसवला आणि पलीकडून झाकणाला टेकू लावायला घेतला, दाबून धरायला. दादा फिटर माणूस, त्यांना राहवेना.

"अगं सुचे, घट्ट असलेल्या झाकणाला टेकू कशाला ला—"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. दादांनी माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे, मग वाशांकडे बघत असलेल्या विहीणबाईंकडे. चाळीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस.

"बरोबर, बरोबर," ते म्हणाले. "टेकू लागतोच याला. आत्याबाई, जरा मागे सरकता का? भुसा उडेल डोळ्यांत."

मोटर सुरू केली. करंडा फिरायला लागला. मी पटाशी हातात घेतली. झाकणाच्या कडेला मी पटाशी नुसती टेकवली. एक बारीक कीस निघाला, रेशमाच्या धाग्याएवढा. करंड्यावर एक रेघ उमटली, ती अजून आहे. मोटर बंद केली. टेकू काढला. झाकण ओढलं.

टप्!

"उघडलं गं बाई!" आत्या टाळ्या पिटत ओरडल्या.

मी आत पाहिलं. लाल कापडावर मंगळसूत्र होतं, काळे मणी, दोन वाट्या. आणि त्यावर जुईची दोन फुलं.

ताजी. त्या सकाळची. देठसुद्धा ओले होते अजून. लग्नापासून बंद असलेल्या करंड्यात.

मी चटकन ती फुलं मुठीत घेतली. कुणी पाहायच्या आत. मग मंगळसूत्र वर काढून सगळ्यांना दाखवलं, आणि मोठ्याने म्हणाले, "आहे तसं आहे!" आवाज माझा मलाच ओळखू येईना. हेरंबने ते माझ्या गळ्यात घातलं. दादा उगीचच पट्ट्याला तेल देत बसले, डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"चला, सुटलो एकदाचे," ठकूआत्या पाटावरून उठता उठता म्हणाल्या. "सोनं मिळालं. आता टेम्पो आहे तोवर यंत्र घाला त्यात आणि पाठवा परत. ठरलं तसं."

माझी मूठ आणखी घट्ट झाली. टेम्पोवाला खरंच वाडीच्या दाराशी चहा पीत थांबला होता.

सासूबाई पुढे आल्या. माझ्या हातातून त्यांनी करंडा घेतला, झाकण घेतलं, दोन्ही उलटसुलट करून पाहिलं. मग झाकण करंड्यावर ठेवलं आणि तळव्याने चांगलं दाबून बसवलं.

"अगं, परत कशाला लावलंस?" आत्या म्हणाल्या.

"लावायला नको? करंडा आहे तो, सुनेचं कुंकू ठेवायचंय त्यात." सासूबाईंनी करंडा कानाशी नेऊन हलवला. "आणि वन्सं, आपल्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे. आज उघडला, उद्या परत फुगणार. पावसाळा तर दरवर्षी येणार. दर वेळी काय एवढ्या लांबून टेम्पो मागवायचा? लोक हसतील."

"म्हणजे?"

"म्हणजे राहू दे यंत्र इथेच, पडवीत. खातंय काय ते? फक्त करंड्यापुरतं."

ठकूआत्यांनी तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. "करा काय करायचं ते," असं म्हणून त्या चहाला आत गेल्या. दादा आणि हेरंब टेम्पोवाल्याला सांगायला बाहेर पळाले. मला वाटतं हेरंब आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी पळत गेला.

पडवीत आम्ही दोघीच राहिलो. मी सासूबाईंच्या समोर मूठ उघडली. फुलं चुरगळली होती थोडी, पण वास सुटला होता.

"कधी सुटला होता हो, आई?"

"तू ओंडक्यासाठी ओरडलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "हातात घेतला आणि टप् झालं. मला इतका आनंद झाला, तुला हाक मारणारच होते. मग म्हटलं, उघडला असं सांगितलं तर यंत्र कशाला येईल?"

"आणि मी तुमच्यावर इतकी चिडले! नुसतं 'आणा यंत्र' म्हणाला असता तर?"

"भरल्या बैठकीत बोलले होते गं मी. तोही वन्संचा शब्द, मी फक्त उच्चारला. पण उच्चारला तो मीच ना? असा बोललेला शब्द आमच्या पिढीला गिळता येत नाही. म्हणून वन्संच्याच तोंडून हो येईपर्यंत थांबले." त्यांनी माझ्या तळहातावरची फुलं उचलली, फुंकर घालून भुसा उडवला. "रोज पूजा झाली की दोन फुलं ठेवायचे आत, आणि परत झाकण लावायचे. म्हणायचे, सुनेचं सोनं आहे, तिला तिचं सगळं मिळू दे. वळ बघू तिकडे."

मी वळले. त्यांनी फुलं माझ्या अंबाड्यात खोचली.

"आई, मी रडते हं," मी म्हणाले.

"रड की. पण आधी ती मोटर चालू कर," त्या मागून म्हणाल्या. "वन्सं बाहेर यायच्या आत मला एक बघायचंय. एवढ्याशा पटाशीने लाकूड गोल होतं कसं?"

मी डोळे पुसले, मोटर सुरू केली, आणि पटाशी त्यांच्याच हातात दिली.